माउंटखालचा हात

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भेंडी पुसत होते. मिलिंद, माझा नवरा, पेपर घेऊन बाल्कनीत बसला होता. वहिनी म्हणाली, “शुभा, हे उठत नाहीत गं.” मी म्हटलं, “मग झोपू दे की. रविवार आहे.” ती म्हणाली, “नाही गं, उठत नाहीत.” आणि मी, साठीला टेकलेली, जन्मभर शाळेत मुलांना शिकवलेली बाई, तिला म्हणाले, “पंखा बंद कर, म्हणजे उठेल.” लहानपणी आई दादाला असंच उठवायची. फोन ठेवल्यावरही मी उरलेली भेंडी पुसली, विळी पुढे ओढली... मग सहज बोलल्यासारखं मिलिंदला सांगितलं, दादा उठत नाहीये म्हणे. त्याने पेपर खाली ठेवला आणि चपला घालायला लागला. त्या चपलांकडे बघताना मला कळलं.

दादा झोपेतच गेला. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. चारकोपच्या घरी जमलेली माणसं एकमेकांना सांगत होती, पुण्यवान माणूस, कुणाकडून सेवा करून घेतली नाही. मी मान हलवत होते, पण आतून मला त्याचा राग येत होता. एवढी काय घाई होती रे तुला? मला तुला एक विचारायचं होतं. वर्षानुवर्षं विचारायचं ठेवलं होतं. कधी पाहुणे असायचे, कधी जेवणं व्हायची असायची, कधी नुसताच धीर व्हायचा नाही. प्रश्न एका फोटोबद्दलचा होता. दादाच्या घरात समोरच्या भिंतीवर एक कौटुंबिक फोटो होता. त्यात मी आहे, पण दिसत नाही.

हे नीट सांगायचं तर आधी दादाचं काम सांगायला हवं. रमाकांत, माझा मोठा भाऊ, फोटो फ्रेम करायचा. वडिलांची, म्हणजे अप्पांची, गिरणी बंद पडली तेव्हा तो कॉलेजात होता. कॉलेज सुटलं, आणि मालाडला एका फ्रेमवाल्याकडे तो कामाला लागला. पुढे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या तोंडाशी त्याने स्वतःचा गाळा घेतला. लोकांना वाटतं फ्रेम म्हणजे लाकडाची पट्टी आणि काच. दादाला त्या पट्टीत फारसा रस नव्हता. “पट्टी काय, कुणीपण ठोकेल,” म्हणायचा. त्याचा जीव होता माउंटमध्ये. माउंट म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसवतात तो जाड पुठ्ठा, ज्याला मधोमध खिडकी कापलेली असते. त्या खिडकीतून आपण फोटो बघतो. मुंबईच्या दमट हवेत फोटो काचेला टेकला की चिकटतो, मग सोलूनसुद्धा निघत नाही. म्हणून मध्ये हा पुठ्ठा. पण दादाच्या लेखी माउंटचं खरं काम वेगळंच होतं. काय दिसायचं आणि काय नाही, ते माउंट ठरवतो.

माझं कॉलेज सुटलं की मी त्याच्या गाळ्यावर जाऊन बसायचे. घरी अप्पांचा रेडिओ आणि आईची कुरकुर, त्यापेक्षा तिथे बरं वाटायचं. त्याने मला कापायलाही शिकवलं होतं. पातं तिरकं धरायचं, म्हणजे खिडकीच्या कडेला पुठ्ठ्याचा आतला पांढरा गाभा बारीक रेघेसारखा दिसतो. हात एका दमात ओढायचा. कोपऱ्यापाशी मात्र दम धरायचा, नाहीतर पातं रेघेच्या पुढे जातं. याला तो ‘कोपरा पळाला’ म्हणायचा, आणि कोपरा पळालेला माउंट गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. माझे कोपरे हमखास पळायचे. “तुझ्यासारखेच,” म्हणायचा, “थांब म्हटलं की पुढे.” खिडकीच्या खालची बाजू तो नेहमी वरच्यापेक्षा जरा रुंद ठेवायचा. का रे, विचारलं तर म्हणाला, फोटोला बसायला जागा लागते. मला हे काहीतरी थापाडं वाटलं होतं. पण एकदा त्याने दोन्ही बाजू सारख्या ठेवून दाखवलं, तर फोटो खरंच खाली घसरल्यासारखा दिसत होता.

त्याचे दोन नियम मात्र पक्के होते. फोटोला मागून गोंद फासायचा नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या खळीने चिकटवायच्या आणि त्यांवर फोटो टांगता सोडायचा, म्हणजे उद्या काढायचा झाला तर पाण्याचं बोट लावून सुटतो. आणि दुसरा नियम, फोटो कापायचा नाही. माणूस माउंटखाली झाकायची वेळ आली तर झाकायचा, पण कात्री लावायची नाही. तशी वेळ येते का, असं कुणी विचारेल. फ्रेमवाल्याकडे जाऊन बसा, मग कळेल. घरात भांडणं झाली की पहिली धाड भिंतीवरच्या फोटोवर पडते.

एकदा मालाडहून एक बाई आली होती. मुलीच्या लग्नातला ग्रुप फोटो घेऊन. जावयाने मुलीला सोडलं होतं. बाई म्हणाली, “हा तेवढा कापून टाका.” दादा म्हणाला, “कापत नाही. झाकून देतो.”

“झाकलं तरी आत राहणारच ना तो?”

“आत राहील. तुम्हाला दिसणार नाही.”

“मला माहीत असेल ना पण.”

“ते कापलं तरी असणारच.”

बाई वैतागून निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. दादाने खिडकी अशी काढली की जावई गेला, मुलगी राहिली, आणि मुलीच्या हातातला गुच्छही अख्खा राहिला. त्याचं म्हणणं, माणसाला कोपरात, मनगटात, बोटांत कापू नये, डोळ्यांना टोचतं. बऱ्याच वर्षांनी तीच बाई तोच फोटो पिशवीत घालून परत आली. नातवाला बाप बघायचा होता. दादाने जुना माउंट उचलला, मोठी खिडकी कापून नवा बसवला. हे मला सांगताना तो इतका खूश होता की जसं काही मूल त्याच्याच घरात आलंय. “कापलं की संपलं, शुभे. झाकलेलं उघडता येतं.” हे वाक्य तो गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवायचा की मी त्याला चिडवायचे, पाटी करून लाव ना गाळ्यावर.

आणि दुसऱ्यांच्या घरातल्या फ्रेमा सरळ करायची त्याची खोड तर सगळ्यांना ठाऊक होती. कुणाकडेही गेला की चहा येईपर्यंत भिंतीवर नजर. मग उठायचा, एक बोट फ्रेमच्या खालच्या कोपऱ्याला लावायचा, केसभर हलवायचा आणि काही झालंच नाही असं येऊन बसायचा. एकदा मी त्याला माझ्या दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, तर याने खुर्चीवर बसायच्या आधी डॉक्टरांचं पदवीचं सर्टिफिकेट सरळ केलं. डॉक्टर म्हणाले, “आता दात बघू का?”

आता तो फोटो. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले, मुंबईत भाड्याच्या खोल्या बदलत वाढलेले. चारकोपला सेक्टरमध्ये स्वतःची बैठी खोली मिळाली तेव्हा दादाच्या मित्राने त्या दारातच आमचा रंगीत फोटो काढला. अप्पा पांढऱ्या शर्टात, आई हिरव्या साडीत, तिच्या शेजारी दादा, आणि उजव्या टोकाला मी, निळी ओढणी घेतलेली. मी उन्हाने डोळे मिचमिचे करत होते, म्हणून दादाने माझ्या खांद्यावर हात टाकून मला जवळ ओढलं होतं, “हलू नको, ठोंबे” म्हणत. त्याने तो फोटो स्वतः फ्रेम केला. अप्पांनी स्वतः खिळा ठोकून तो दारासमोरच्या भिंतीवर लावला. दादा म्हणत होता, इथे ऊन येतं, रंग उडेल. अप्पा म्हणाले, आलेल्या-गेलेल्याला आधी आपली माणसं दिसूक होयी. तिथेच तो राहिला.

काही वर्षांनी मी मिलिंदशी लग्न केलं. मिलिंद बौद्ध. त्याचे वडील साताऱ्याकडून आले होते, कुर्ल्याला राहायचे. माझ्या बरोबरीने शाळेत शिकवायचा, माझ्यापेक्षा बरं शिकवायचा. अप्पांनी एवढंच विचारलं, “ठरलांच तुझां?” मी हो म्हटलं, आणि त्यानंतर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. कधीच म्हणजे अगदी कधीच नाही. हा माणूस माझ्या वेण्या घालून द्यायचा, आई गावी गेली की. त्याच्यावर चिडावं की रडावं हे मला अजून समजलेलं नाही, आणि आता त्याला फार उशीर झालाय.

मी घर सोडल्यावर काय झालं ते आईने मला पुढे सांगितलं. अप्पांनी भिंतीवरून फ्रेम काढून दादासमोर ठेवली. म्हणाले, “ह्या फोटोतून तिका काप.”

दादा म्हणाला, “फोटो कापूचो नाय, अप्पा. झाकतंय.”

“काय तां कर. माका ती दिसूक नको.”

दादाने ती फ्रेम गाळ्यावर नेली आणि नवा माउंट घालून आणली. अप्पांनी त्याच खिळ्याला लावली.

दादा स्वतः मात्र मला सोडून गेला नाही. आमच्या मुलीच्या बारशाला तो न बोलावता घाटकोपरला आमच्या घरी आला, आईने दिलेलं कुळीथ आणि सुके बांगडे घेऊन. पहिल्यांदा मिलिंदला काय बोलावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. मिलिंद म्हणाला, “दादा, ते मी मुद्दाम तिरकं लावलंय, मागे पोपडा आहे.” आणि दोघंही हसले. पुढे तर मला वगळून त्यांच्या गप्पा चालायच्या. मिलिंदच्या हातचं मटण खायला तो चारकोपहून यायचा आणि घरी सांगायचा, गिऱ्हाइकाकडे जाऊन आलो. अप्पांना कळत नसेल का? ज्या माणसाच्या शर्टाला मसाल्याचा वास येतोय तो कुठल्या गिऱ्हाइकाकडे जाऊन आलाय, हे कुणालाही कळेल. पण ते काही बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलण्यावरच सगळं चालायचं.

अप्पा गेल्यानंतर मी पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं. तेव्हा तो फोटो नव्या माउंटमध्ये मी पाहिला. अप्पा, आई, दादा. खिडकी दादाच्या पुढे जराशीच जाऊन संपली होती. दादाचा हात खांद्यापासून उजवीकडे निघतो, आणि बरोब्बर कोपरात माउंटच्या कडेला जाऊन नाहीसा होतो. कोपरात. जिथे माणसाला कापू नये असं तो सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, तिथे. वर खिडकीच्या त्या कडेला बोटभर निळं काहीतरी दिसत होतं. कुणाला वाटावं, दाराचा पडदा असेल. ती माझी ओढणी होती.

तेव्हापासून हा फोटो माझ्या डोक्यात बसला. ही त्याची चूक म्हणावी, तर इतकी कच्ची चूक तो दारू पिऊनही करणार नाही, आणि तो प्यायचा नाही. खिडकी जरा अलीकडे घेतली असती तर खांद्यापाशी सगळं सफाईने मिटलं असतं. हात दिसला नसता, ओढणी दिसली नसती. मग त्याने मुद्दाम ठेवलं का? कुणीतरी आत आहे असं बघणाऱ्याला कळावं म्हणून? की अप्पा दारात उभे होते, घाई होती आणि हात चालेल तसा चालला? आणि मुद्दामच ठेवलं असेल, तर मग अप्पांनंतर त्याने तो माउंट बदलला का नाही? गाळा त्याचा, पुठ्ठा त्याचा. मालाडच्या बाईसाठी बदलला, माझ्यासाठी का नाही?

गणपतीला जायचे, भाऊबीजेला जायचे. पाटावर बसलेल्या दादाला ओवाळायचे, आणि त्याच्या डोक्यामागे तो फोटो. माझ्या मुलीने, ती लहान होती तेव्हा, एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “मामा, तुझा हात कुठे गेला?” आई आत निघून गेली. दादा पोळी मोडत म्हणाला, “आत आहे.” बस्स, एवढंच. तेवढं बोलून त्याने आमटी मागितली. मी तेव्हाच विचारायला हवं होतं, पण सणाच्या दिवशी कशाला, असं वाटलं. सणाच्या दिवसाखेरीज त्या फोटोसमोर आमच्या भेटी होत नव्हत्या, ही आणखी एक गंमत.

तो गेल्यावर सगळ्यात आधी अडलं ते फोटोवर. दहाव्याला फोटो लागतो, हाराला फोटो लागतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, अख्ख्या चारकोपचे फोटो भिंतीवर लावणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. मोबाइलमध्ये होते त्यात तो कुणाच्या तरी पाठीमागे, नाहीतर डोळे मिटलेला, नाहीतर लाडूचा घास घेत असलेला. शेवटी निखिलने, म्हणजे त्याच्या मुलाने, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात दादा असा दिसत होता की जसं पोलिसांनी त्याला कांदिवली स्टेशनात धरलंय. वहिनी त्या फोटोला हार घालताना रडता रडता हसली. “हे बघतील तर मला हाकलतील,” म्हणाली.

महिना झाला तेव्हा वहिनीने मला बोलावून घेतलं. तो जुना फोटो उघडायचा होता. दादाचा तरुणपणातला एकमेव स्वच्छ चेहरा त्यातच होता, आणि निखिल त्यावरून नवा फोटो करून घेणार होता. वहिनी म्हणाली, “तूच उघड. तू शिकली होतीस ना त्यांच्याकडे. निखिल काच फोडेल.” निखिल म्हणाला, “आत्या, मी खरंच फोडेन.” तो ऑफिसच्या फोनवर दुसऱ्या खोलीत गेला. मी फ्रेम पालथी घालून चटईवर ठेवली. मागची तपकिरी पट्टी सुकून पापडासारखी झाली होती. खिळे गंजले होते, पण वाकवलेले मात्र सगळे एकाच दिशेला, त्याच्या पद्धतीने. मागचा पुठ्ठा आणि माउंट एकत्रच उचलून मी सरळ केले. माउंट वरून कापडी पट्टीने जोडलेला होता. तो दारासारखा उघडला.

खाली मी होते. मी एवढी होते का? निळी ओढणी अशी निळी की आत्ताच दुकानातून आणलीय. माझे मिचमिचे डोळे, कपाळावरची टिकली, मागे दाराचा हिरवा रंग, सगळं ताजं. आणि खिडकीच्या रेघेपलीकडे अप्पा, आई, दादा तिघंही तांबूस-पिवळट झालेले. दारासमोरचं ऊन एवढी वर्षं त्यांच्यावर पडत होतं. अप्पांचा शर्ट चहात बुडवल्यासारखा, आईची साडी शेवाळी. जी बोटभर ओढणी बाहेर राहिली होती ती राखाडी झाली होती, आणि रेघ ओलांडली की निळीशार. सगळ्यात विचित्र दादाचा हात. दंडापर्यंत रंग उडालेला, कोपरापासून पुढे अगदी जिवंत. मनगटावरचं घड्याळ, त्याचा चामडी पट्टा, माझ्या खांद्यात रुतलेली बोटं. एकाच माणसाचा हात, आणि एका रेघेने दोन वयांचा झालेला.

वहिनी फोटोवर वाकली. “किती बारीक होतीस गं तू,” म्हणाली.

तेव्हा मी विचारलं. ज्याला विचारायचं होतं तो नव्हता, म्हणून तिला विचारलं. “वहिनी, यानं हा बदलला का नाही गं? अप्पा जाऊनही किती वर्षं झाली.”

वहिनीने चमकून वर पाहिलं. “तूच नको म्हणालीस ना.”

“मी?”

“मग कोण? अप्पांच्या मागून तू पहिल्यांदा आलीस बघ इथे. हे स्टुलावर चढले, फ्रेमला हात घातला. म्हणाले, हा आज खाली घेतो. तर तू म्हणालीस, राहू दे रे दादा, अप्पांनी लावलाय ना. मी इथे उभी होते, चहाचा ट्रे घेऊन. नंतर मी यांना दोन-तीनदा म्हटलं, बदला ना तो. तर म्हणायचे, तिला तसाच हवाय. ती म्हणेल तेव्हा कापतो.”

मला हे आठवत नाही. खोटं सांगत नाहीये, खरंच आठवत नाही. तो दिवस मला आठवतो. उंबऱ्यात मी अडखळले ते आठवतं, आईने माझे दोन्ही हात धरले ते आठवतं, चहात साखर कमी होती तेही आठवतं. स्टूलही आठवतं, पण माझ्या आठवणीत त्याच्यावर आई बसलीय. फोटोकडे बघून मी लगेच दाराबाहेर बघायला लागले, बाहेर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या... आणि मी काही बोलले नाही. निदान माझ्या डोक्यात तरी मी काही बोलले नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. ती दादाच्या आधीच गेली.

आता यातलं खरं काय? ‘राहू दे’ हा माझ्या तोंडचाच शब्द आहे, हे मला नाकारता येत नाही. रिक्षावाला सुट्टे शोधायला लागला की राहू दे, कुणी आणखी एक पोळी वाढायला आलं की राहू दे, दुखतंय का विचारलं की राहू दे. त्या दिवशीही तोंडातून निसटलं असेल. पण मी राहू दे म्हणते तेव्हा मला ते राहू द्यायचं नसतं, हे मिलिंदला लग्नाच्या पहिल्या वर्षात कळलं. माझ्या सख्ख्या भावाला कळू नये? आमच्याकडे वडे वाढतानासुद्धा माणूस नाही म्हणाला तर पुन्हा पुन्हा विचारतात, ताटावर हात आडवा धरला तरी वाढतात. मग एवढ्या गोष्टीला त्याने एकदाच विचारून सोडून द्यावं? की मी खरंच काही बोलले नव्हते, आणि वहिनी सारखी मागे लागायला लागली म्हणून त्याने एक उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ऐकून ऐकून तिला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटायला लागलं? वहिनी खोटं बोलणारी बाई नाही. पण मीही नाही. मिलिंदला विचारलं तर तो म्हणाला, “तू म्हणाली असशील, आणि त्याने ऐकलंही असेल. दोघं एकाच घरातले.” हे उत्तर आहे का? मला नाही वाटत. पण दुसरं कुणी काही देतही नाही.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तो कधीतरी आपण होऊन काढेल, आणि त्याला वाटत होतं, ही कधीतरी म्हणेल. किंवा असं काहीच नव्हतं, आणि मी आता मागाहून त्याच्या बाजूने गोष्ट रचतेय, कारण तो माझा दादा होता आणि मला तो हवा आहे. रात्री ठरवते एक आणि सकाळी वाटतं दुसरंच. हा लेख लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, लिहिता लिहिता ठरेल. नाही ठरलं.

निखिलने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेतला. मग स्क्रीनवर बोटं फिरवत अगदी सहज म्हणाला, “आत्या, तुला काढू ना यातून? बाबांचा एकट्याचाच लागणार.” वहिनीने त्याला डोळे वटारले. त्याला बिचाऱ्याला काही समजलं नाही. मी म्हटलं, “काढ. त्याचा चेहरा नीट येऊ दे. पण हा मूळ फोटो मला पाहिजे.” हे मी मागितलं. त्या घरातून मी मागितलेली ही पहिली वस्तू असावी. वहिनी लगेच म्हणाली, “घेऊन जा, तुझाच आहे,” आणि तिने मला गाळ्याची किल्लीही दिली.

गाळ्यात सगळं त्याच्या हाताला येईल तिथे होतं. पट्टी, कटर, टेबलावर अंथरलेला रेघारेघांचा पत्रा. मी एक पांढरा पुठ्ठा घेतला, पेन्सिलीने आखला. किती उघडायचं, हा प्रश्न आता मलाच पडला. फक्त दादा आणि मी? मग अप्पा आणि आई झाकले जातील, आणि मी अप्पांसारखीच होईन. सगळेच उघडले तर ती रेघ दिसणार, अर्धा फोटो जुना आणि अर्धा नवा. कुणीही विचारेल, हे असं का? विचारू देत. मी सगळे उघडले. खालची बाजू रुंद ठेवली, बसायला जागा म्हणून. हात एका दमात ओढला. खालच्या उजव्या कोपऱ्यात पातं पुढे गेलंच. पळाला. दादाने तो माउंट फेकून दुसरा कापायला लावला असता. मी नाही फेकला. जुना माउंटही नाही फेकला, तो त्याच फ्रेममध्ये फोटोच्या मागे घातलाय.

घरी आणून मी फ्रेम हॉलमध्ये बाल्कनीसमोरच्या भिंतीवर लावली. तिथे सकाळचं ऊन थेट येतं. ती किंचित तिरकी लागलीय, येता-जाता दिसतं. मला ती सरळ करता येते, पण अजून केलेली नाही. मिलिंद चहा घेऊन आला आणि फोटोकडे बघत उभा राहिला. मग भिंतीवरच्या उन्हाकडे बघत म्हणाला, “अगं, उन्हात नको लावू. दादा किती सांगायचा. रंग उडेल.”

“उडू दे,” मी म्हटलं. “त्या तिघांचा उडालाय. माझाच राहिलाय.”